बोटाखालचा ठिपका

फोनमधल्या धोक्याच्या सेटिंग्ज साध्या माणसांच्या हाती लागूच नयेत, म्हणून उपासना बेंगळूरच्या फोन कंपनीच्या ऑफिसात तावातावानं भांडायची. सुट्टीला निपाणीत आली, तर आईच्याच फोनमध्ये ‘डेव्हलपर ऑप्शन्स’, इंजिनिअरांसाठीच्या त्याच लपवलेल्या सेटिंग्ज, चालू! दुरुस्तीवाल्याचं काम.

“कोणतरी बँकेतलं खातं साफ करील गं आई!” म्हणत तिनं सगळं बंद केलं.

लक्ष्मीबाईंनी फोन हातात घेतला आणि त्या बावरल्या. “अगं, बोट टेकलं की पांढरा ठिपका यायचा, त्यो कुठं गेला?”

“कशाला लागतोय त्यो?”

“मला वाटायचं, तिकडनं तूच माझं बोट धरतीस. म्हणून तर एकटीला भ्या वाटत न्हवतं.”

उपासनानं बाकीचं बंदच ठेवलं. तेवढा ठिपका परत चालू केला.

“घे आई,” ती म्हणाली, “धरलंय बोट.”