मयताची काठी

मयत उभं होतं.

मुहाचाच्या मोठ्या झाडाखाली, जेमतेम कमरेएवढं, वरपासून खालपर्यंत घोंगडीत गुंडाळलेलं, आणि तरीही उभं. भोवती चिन्यामुरा गावच्या झाडून साऱ्या बायका पाय पसरून बसलेल्या. रडणं असं, की नदीतले पाणघोडे लाजून गप्प झाले.

कौन्सिलर मुचादेयींना या गावात यायचंच नव्हतं. इथला हापसा पावसाळा संपल्यापासून बंद. बायका पाण्याला नदीवर जातात, आणि तिथल्या डोहात मगर आहे. इतकी म्हातारी, की तिच्या पाठीवर गवत उगवलंय. बकऱ्या ते चरायला आपण होऊन जातात, तिला हलावं लागत नाही. परवा तिने माई रुफारोच्या हातातली बादली ओढून नेली. हात वाचला, एवढंच. मुचादेयी दर वेळी सांगायचे, पुढच्या आठवड्यात मिस्त्री पाठवतो. मग सांगायचीही लाज वाटायला लागली, तेव्हा गावाला वळसा घालून जायला लागले.

आज ते पलीकडच्या शाळेत झाडं लावायला निघाले होते, फटफटीला मागे आंब्याची रोपं बांधून. फाट्यावर झुडपाला लाल फडकं दिसलं. लाल फडकं म्हणजे मयत. मतं मागणाऱ्या माणसाने लग्न चुकवलं तर लोक विसरतात, मयत चुकवलेलं विसरत नाहीत. वळले.

आल्या आल्या कोण गेलं ते विचारायचं नसतं. आधी जमिनीवर बसून हलक्या टाळ्या वाजवायच्या, एकेकीचा हात हातात घ्यायचा, डोळे पुसायचे. त्यांनी सगळं रीतीने केलं. रिकाम्या हाताने येऊ नये म्हणून दोन रोपंही पुढे ठेवली. आणि मग हळूच इकडेतिकडे बघायला लागले.

चिहुरी म्हातारा असणार. खोकून खोकून अर्धा झाला होता. पण चिहुरी समोर तपकीर ओढत होता. मग बुटका लोहार? तो तर ढोल बडवत होता. बरं, मयताच्या जागी आल्यागेल्याला मक्याच्या पिठाचा साद्झा शिजवतात, इथे मोठाली पातेली पालथी. आणि मयताला कोणी उभं ठेवतं का?

तेवढ्यात अंबुया, म्हणजे आजी, सेकेसाई उठली. ही गावची साहविरा. मयतात कोणालाही काहीही बोलायची मुभा असते ते माणूस म्हणजे साहविरा. तिच्यावर जो चिडला त्याचंच हसं होतं. गेलेल्याची नक्कल करून रडणाऱ्यांना हसवायचं, हे तिचं काम. ती ताठ उभी राहिली. एक हात वर, खाली, वर, खाली. तोंडाचा आ केला. घशातून कुर्र, कुर्र. सगळे मान पुढे काढून वाट बघायला लागले. तोंडातून थेंबही आला नाही. मग जाड आवाजात म्हणाली, "पुढच्या आठवड्यात."

बायका रडता रडता लोळल्या. "हुबेहूब तोच," चिहुरी म्हणाला.

मुचादेयीही हसले. मग हसता हसता थांबले. तोच म्हणजे कोण?

"अंबुया," ते कुजबुजले, "गेलं कोण?"

"तुमचा भाऊ, सोको." सोको म्हणजे माकड, हे मुचादेयींचं कुळ, मानाच्या माणसाला कुळाने हाक मारायची.

"माझा भाऊ?"

"याला जन्म कौन्सिलने दिला. तुम्हीही कौन्सिलचेच लेकरू. मग हा कोण, मामा?"

तिने घोंगडी ओढली. खाली हापसा. दांडा नसलेला.

मुचादेयींचा जीव भांड्यात पडला. कपडे झटकून उठत ते म्हणाले, "हात्तिच्या. अहो, पुढच्या..."

"आठवड्यात," बायकांनी पुरं केलं.

"बसा," अंबुया म्हणाली. "वारस ठरल्याशिवाय मयतातून उठतात का?"

ते बसले. आता तिकडची रीत अशी, की नवरा गेला की बाई त्याची काठी घेऊन त्याच्या भावांपुढे जाते. नको असेल त्या भावाने हात मागे घ्यावा, त्यात काही पाप नाही. पण ज्याने काठी घेतली, त्याने तिची चूल आणि तिची तहान आपली मानली.

अंबुयाने लुगड्यासारख्या गुंडाळलेल्या फडक्यातून लोखंडी दांडा काढला. ती मुचादेयींसमोर गुडघ्यांवर बसली. गुडघे कडाकडा वाजले. दोन्ही हातांनी दांडा पुढे धरला.

ढोल थांबला. माई रुफारो पापणी न हलवता बघत होती.

म्हाताऱ्या माणसाने गुडघे टेकून काही दिलं, तर आधी टाळ्या वाजवायच्या आणि मग दोन्ही हातांनी घ्यायचं, असं मुचादेयींना त्यांच्या आईने लहानपणी कान पिळून शिकवलं होतं. हातांनी आईचं ऐकलं. डोकं मागाहून पोचलं.

तोवर बायकांनी अशी किलकारी दिली, की झाडावरची घुबडं भर दुपारी उडाली.

"वैनींना सांगा," चिहुरीने तपकिरीची चिमूट त्यांच्यापुढे धरली, "सवत काही जास्त नाही. एक गावभर."

मुचादेयींनी फटफटीवरची उरलेली रोपं खाली उतरवली आणि त्या जागी दांडा बांधला. तो दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आला. फाट्यावर शाळेचा रस्ता डावीकडे होता. फटफटी उजवीकडे गेली, कौन्सिलच्या दुरुस्तीच्या कारखान्याकडे.

बायकांनी घोंगडीची घडी घातली. माई रुफारोने विचारलं, फाट्यावरचं लाल फडकं सोडून आणू का?

"राहू दे," अंबुया म्हणाली. "नवरा नवा आहे. घर चुकेल."