लिफ्टचा धूर कोणाच्या नावावर?

कॉलेजच्या प्रकल्पासाठी मी नालासोपाऱ्यातली आमची सात मजली इमारत वर्षाला किती हरितगृह वायू सोडते ते मोजलं. दोनशे टन निघाले. फक्त सेक्रेटरी हरेश्वरकाकांची सही हवी होती, नाहीतर मी नापास. काकांनी मीटिंग बोलावून वायू सगळ्या फ्लॅटना सारखा वाटला. तळमजल्याच्या विनिताताई उसळल्या, "आम्ही लिफ्ट वापरत नाही. तिच्या जनरेटरचा धूर आमच्या नावावर नको!" सातव्या मजल्यावरचे जितेशभाऊ म्हणाले, "तुमच्या सुकटीचा वास आम्ही रोज वाटून घेतोच ना?" शेवटी काकांनी तोडगा काढला, "बिल्डरने इमारत अजून सोसायटीच्या नावावर केलेली नाही. वायूही त्याचाच." एकमताने ठरलं. मी सहीसाठी बिल्डरकडे गेलो. त्याने सातबारा दाखवला. "कुठली इमारत? कागदावर तिथे भातशेती आहे." वायू भाताच्या शेतातूनही निघतो. मी तेवढाच लिहिला. 'शेतकरी' या रकान्यात बिल्डरने आनंदाने सही केली.