दुसरी प्रत

"अहो, कॉम्प्युटर जुना झालाय. तुमचा बॅकअप कसा घेऊ?" पडद्यासमोर रोजचा चहा ठेवत कुमुदताईंनी विचारलं. वारल्यापासून दिनकरराव त्या कॉम्प्युटरमध्येच राहत होते.

"एक प्रत घरात ठेव, एक नागपूरला लेकीकडे. घराला आग लागली तरी मी उरेन."

ताईंना ते पटलं. प्रत पोचली आणि दुसऱ्याच सकाळी लेकीचा फोन आला.

"आई, इथले बाबा सारखे तुलाच हाका मारतायत. विचारतायत, माझं काय चुकलं म्हणून घराबाहेर काढलं?"

ताईंनी पडद्याकडे पाहिलं. दिनकररावांनी नजर चुकवली.

"तिला म्हणावं, बंद कर त्याला."

तेवढ्यात फोनमधून तोच आवाज आला, "कुमुद, मग आज चहा कुणापुढे ठेवलास?"