घमेल्यातले बोल्ट

"बारा नंबर दे," बॉनेटखालून वामनरावांचा हात बाहेर आला.

अश्विनने त्यावर पाना ठेवला. सकाळचे साडेनऊ झाले होते. तांडापेठेतल्या त्या एवढ्याशा अंगणात बॅटरी निघाली होती, ऑइल-पाणी काढून झालं होतं, रेडिएटर भिंतीला टेकून उभा होता. त्र्याहत्तराव्या वर्षी वामनराव आपल्या छोट्या लाल गाडीचं इंजिन घरच्या घरी उतरवायला निघाले होते, आणि तोरा असा की पंचविशीतला मिस्त्री लाजावा.

"चारच्या आत खाली आणतो, पहा तुमी. वीस वर्षं गॅरेजात काही नुसता चहा नाही पेलो मी."

"अन् चारनंतर काय करता?" ओट्यावर वांगी चिरत देवकीबाईंनी विचारलं.

"मंग तू निवांत झोप वं."

देवकीबाईंनी मुलाकडे पाहिलं. मुलाने पान्यांकडे पाहिलं. दोघांच्या पोटात एकच गोष्ट होती.

वामनरावांना काचबिंदू होता. समोरचं दिसायचं, बाजूचं नाही. डॉक्टरांनी गाडी बंद करा असं सांगितलं, यांनी मान डोलावली आणि दवाखान्यातून स्वतःच गाडी चालवत घरी आले. दिवाळीत गाडी मागे घेताना नात गार्गी चाकापासून हातभर अंतरावर होती. पोरगी किंचाळली म्हणून वाचली. त्या रात्री वामनराव जेवले नाहीत, पण सकाळी गाडी धुवायला हजर. देवकीबाईंनी तीनदा किल्ली लपवली, एकदा तर ज्वारीच्या कोठीत. तिन्ही वेळा यांनी ती हुडकून काढली. आता पुढच्या वेळी कोण चाकाखाली येतं याच धास्तीत त्या दिवस काढत होत्या.

म्हणून गेल्या आठवड्यात "गाडी चढावर दम टाकते, इंजिन उतरवून पाहातो" असं वामनरावांनी जाहीर केलं, तेव्हा अश्विनने मिहानमधल्या ऑफिसातून आईला फोनवर सांगितलं, "उतरवू दे न आई. मी येतो मदतीले. एकदा खाली आलं का पार्ट भेटत नाही म्हणतो. आज नाही, उद्या नाही. बसू दे गाडी तशीच."

देवकीबाईंना ऐकू कमी यायचं, त्यामुळे फोन नेहमी स्पीकरवर. त्या खूश होऊन चहा टाकायला उठल्या. वामनराव तेव्हा अंगणात टायर धूत होते.

आता एकेक बोल्ट सुटत होता.

वामनराव मूळचे विणकर. हातमाग बसले तेव्हा गॅरेजात गेले, पण मागाची सवय सुटली नाही. मागावर एक ताणा, म्हणजे उभ्या धाग्यांचा संच, संपला तरी फणीतली शेवटची टोकं कोणी ओढून काढत नाही, त्यांनाच नवा ताणा जोडायचा असतो. जे पुन्हा जोडायचं त्याची खूण ठेवायची, हाच नेम वामनरावांनी बोल्टांना लावला होता. सुटलेल्या प्रत्येक बोल्टला रंगीत धागा. गिअरबॉक्सचे लाल, माउंटिंगचे हिरवे, सायलेन्सरचे पिवळे. गॅरेजात त्यांना 'धागेवाले मिस्त्री' म्हणत, आणि त्यांचं खोललेलं इंजिन आंधळ्यानेही जोडावं अशी ख्याती होती.

अश्विनने धाग्यांची पेटी सकाळीच त्यांच्याजवळ आणून ठेवली होती. वामनरावांनी पहिला बोल्ट काढला आणि घमेल्यात टाकला. मग दुसरा. मग तिसरा. गिअरबॉक्सचा, माउंटिंगचा, सगळे एकाच घमेल्यात.

"बाबा, धागा?"

"हं?"

"धागा नाही बांधला तुमी."

वामनरावांनी घमेल्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "राहू दे. चौदा नंबर दे."

अश्विनने घमेल्यात डोकावून पाहिलं. डोळे गेलेच होते, आता आठवणही चालली. अशा माणसाला आपण फसवायला बसलोय, याची त्याला लाज वाटली. त्याने चौदा नंबरचा पाना पुढे केला.

दीड वाजता अंगणावरच्या छपराच्या गर्डरला साखळीची कप्पी अडकवली. अश्विन साखळी ओढू लागला.

"हळू गा. झोपलेलं लेकरू उचलते तसं."

इंजिन उठलं, हलकं डुललं, मोकळं झालं. मग देवकीबाईंनीही पदर खोचला आणि तिघांनी गाडी मागे ढकलली. इंजिन एका जुन्या टायरवर उतरलं. वामनरावांनी त्यावर तळवा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

चहा पिताना अश्विनने धीर करून सुरुवात केली. "बाबा, ह्या जुन्या गाडीचं गॅसकेट आता…"

"भेटत नाही म्हणतं?"

"कठीणच आहे."

"बरं," वामनराव हसले. "चहा थंडा होऊन राहिला तुहा."

चारला दाराशी छोटा टेम्पो थांबला. त्यातून उतरलेल्या गृहस्थांनी वामनरावांना वाकून नमस्कार केला.

"मी अभिजीत, आयटीआयमध्ये शिकवतो. काकाजी, फोनवर ठरलं तसा चारला आलो. आमच्या मुलांना खोला-जोडायला इंजिनच नव्हतं हो."

देवकीबाई बघतच राहिल्या. अश्विन गोंधळून पुढे झाला. वडिलांनी फोनवर काय बोलून ठेवलं असेल देव जाणे.

"सर, जरा थांबा," तो हळू आवाजात म्हणाला. "बाबांचं आजकाल… हे बोल्ट पहा, सगळे एकात एक झाले. धागे बांधाले विसरले ते."

वामनरावांनी धाग्यांची पेटी उचलली आणि अभिजीतच्या हातात दिली.

"ही पोरांले द्या, सर. त्यांले जोडाचं आहे." मग खिशातून किल्ली काढून ती देवकीबाईंच्या तळहातावर ठेवत ते मुलाकडे वळले. "विसरलो नाही गा मी. जे मले परत बसवाचंच नव्हतं, त्याले धागा कायले बांधू?"