खोकल्याची जागा

आजोबांच्या टेपवर बावीस ओळी होत्या, एक खोकला होता आणि खुर्चीची एक करकर. ज्यू मुलाला तेरा वर्षं पूर्ण झाली की सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनामंदिरात, सगळ्यांसमोर तोरा हा धर्मग्रंथ गाऊन वाचायचा असतो. आजोबा गेल्यामुळे नातू त्याची चाल या टेपवरूनच शिकला, अगदी खोकल्यासकट. तोराच्या वर्गातली मुलं खिदळायची.

"अरे, खोकला आजोबांचा आहे, तोराचा नाही," वर्ग घेणाऱ्या बाई म्हणाल्या.

"पण बाई, तो गाळला की मला पुढची चालच सापडत नाही. तिथे सगळ्यांसमोर अडलो तर?"

"मग तिथे नुसता थांब. खोकल्याएवढंच."

घरी टेप लागली की आजी आपल्या खोलीचं दार लावून घ्यायची. "आवाज लावून माणूस परत येतो होय?" एवढंच म्हणायची.

वाचनाच्या दिवशी नातू छान गायला. खोकल्याची जागा आली, तसा तो ठरल्याप्रमाणे गप्प उभा राहिला.

पुढच्या रांगेतून आजी हलकेच म्हणाली, "अहो, पाणी घ्या आधी."



नातवाने समोरच्या ग्लासातलं अर्धं पाणी संपवलं आणि मगच पुढची ओळ सुरू केली.