छऱ्याचं पिस्तूल

१९६१ साली नागपूरच्या नेमबाजी स्पर्धेसाठी माझी निवड झाली आणि बाबा मला अमरावतीहून अकोल्याच्या बंदुकांच्या दुकानात घेऊन गेले. गॅसवर चालणारं विलायती पिस्तूल परवडणारं नव्हतं, म्हणून दुकानदारानं हवा दाबून छरा उडवणारी तीन स्वस्त पिस्तुलं काढली. मी तिन्ही डाव्या हातानं चालवून पाहिली. तिसऱ्याचे पाचही छरे भिंतीवरच्या कागदात मधोमध बसले. "बाबा, हेच घ्या!" "आता उजव्या हातानं चालवून पाह," बाबा म्हणाले. मी हसले. "मी डावखुरी, तुमी विसरले काय?" "जवाई उजव्या हाताचे हायेत. त्यायले लग्नात द्याचं हाये." "कोनाचं लग्न?" "तुयं. दिवाळीनंतर." पिस्तूल हातातच राहिलं. "अन् स्पर्धा?" "तुया नेमावर भरोसा होता, म्हून तर निवडाले तुले आनलं." दुकानदारानं पिस्तूल मागून घेतलं आणि मुठीवरचे माझ्या बोटांचे ठसे फडक्यानं पुसले.