बियाण्याच्या डब्यातला माणूस

युद्ध माणसाला निर्भय करून सोडतं. फौजीचाही तसाच समज होता. जनावरांच्या डॉक्टरला स्कूटरवरून उतरताना पाहीपर्यंत.

चार वर्षं आघाडीवर काढून तो बायकोच्या माहेरच्या शेतावर राहायला आला होता. भरतीआधी तो शहरात शिंपी होता. सासरे मधल्या काळात गेले. मागे एकट्या बायकोने शेत असं पिकवलं, की येणारेजाणारे बांधावर थबकून पाहत. शहरात आजोळी वाढलेल्या तिला लग्नात कोबीचं रोप आणि फ्लॉवरचं रोप यांतला फरक कळत नव्हता. फौजीला तो अजूनही कळत नव्हता.

"बटाट्याला आताच माती नका लावू," ती म्हणाली. "वीतभर वर येऊ दे."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणे!" ती हसली. "आता मलाच विचारा."

"आणि गोठ्याला पूर्वेची खिडकी?"

"तीही त्याच डोक्यातून निघालेली." असं म्हणून ती चक्क लाजली.

फौजीने पुढे विचारलं नाही. तिनेही ताणलं नाही. आघाडीवरून परतलेली माणसं बरंच काही विसरतात, त्यांना खोदून विचारू नका, असं लष्करी इस्पितळाने तिला बजावलं होतं. ती त्याला गरम दूध आणून द्यायची. एवढी सेवा माणूस उगाच करत नाही, असं फौजीला दूध पिताना वाटायचं.

ते डोकं कुणाचं, हे शोधायला फार हिंडावं लागलं नाही. गावात शिकलेला, बिनलग्नाचा आणि भांग पाडणारा माणूस एकच होता. त्याचा दवाखाना ओढ्यापलीकडे. खिडकीतून यांची विहीर दिसते, हे फौजी स्वतः तिथे उभा राहून पाहून आला होता.

"वहिनींसारखी शेती पंचक्रोशीत कुणाची नाही," गाय तपासून डॉक्टर म्हणाला आणि त्याने सिगारेट पुढे केली.

"मी ओढत नाही. पलटणीत मिळायच्या, त्याही दुसऱ्याच ओठांत जायच्या."

"नशीबवान हो तुम्ही."

सिगारेटवरून की बायकोवरून, हे डॉक्टरने सांगितलं नाही. फौजीने त्या दिवसापासून गाईला आजारी पडायला बंदी केली.

पुढच्या आठवड्यात बी काढायला त्याने बियाण्याचा डबा उघडला. तळाशी पत्रांचा गठ्ठा होता, लाल फितीने बांधलेला. अक्षर मोत्यासारखं. फौजी वाचायचा सावकाश, बोट ठेवून, पण वाचायचा.

'उत्तरेच्या तुकड्यात यंदा बटाटा नको. ती जमीन दमली आहे. तूही दमली असशील. दुपारी तासभर पडत जा. तू विहिरीपाशी उभी राहून केस बांधतेस, ते मला इथून दिसतं.'

इथून!

पहिलं पान संपवायचीही त्याची छाती झाली नाही. त्याने फीत सोडली आणि गठ्ठा चुलीत लोटला.

बायको टोपली घेऊन आत आली.

"अहो, काय जाळताय?"

"तुझ्या मास्तराला."

"कुठल्या मास्तराला?"

"ज्याने तुला शेती शिकवली. आणखी काय काय शिकवलं, ते त्याला ठाऊक. मला फक्त नाव सांग. मग मी माझी मशीन घेऊन शहरात जातो, तुम्ही दोघं सुखाने कोबी लावा."

टोपली खाली पडली. तिने उघडा हात चुलीत घातला. गठ्ठा गेला होता. एकच पान हाती लागलं. त्याच्या पेटलेल्या कडा तिने तळव्याने दाबून विझवल्या.

"आठवत नसेल तर राहू दे," ती आजाऱ्याशी बोलावं तसं म्हणाली. "पण जाळायला नको होती. त्या पत्रांसाठीच मी तुमची वाट पाहिली. नाहीतर तीन महिन्यांच्या संसाराचं असतं काय?"

तिने पान त्याच्यासमोर धरलं आणि तळाशी बोट ठेवलं.

तिथे त्याचीच सही होती, उसवलेल्या टाक्यासारखी वाकडी. बायकोचं आलेलं पत्र तो पलटणीच्या कारकुनापुढे टाकायचा आणि दर वेळी एवढंच सांगायचा: बरा आहे म्हणून लिही. मग न वाचता सही करायचा आणि आपल्या वाट्याच्या सिगारेटी त्याला देऊन टाकायचा.